विश्लेषण : हाडांच्या डॉक्टरांच्या परिषदेत इंजिनीअर काय करतात?

'अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संशोधक चमूचा अस्थिरोग परिषदेत सहभाग' अशी एक-दोन परिच्छेदांची बातमी स्थानिक पानावर अधूनमधून दिसते. सोबत व्यासपीठावरचा फोटो, हातात प्रमाणपत्र, खाली नावे. ती वाचून बहुतेक जण पुढे सरकतात. पण घरात कोणाचा गुडघा किंवा खुबा बदलला असेल, किंवा बदलायचा असेल, तर या परिषदांत काय चालते याच्याशी तुमचा थेट संबंध आहे. जगभरात सुमारे ९३ हजार रुग्णांच्या शरीरात बसवलेला एक सदोष कृत्रिम सांधा बाजारातून बाहेर पडला, त्यामागे डॉक्टर आणि इंजिनीअर यांनी एकत्र केलेल्या संशोधनाचा मोठा वाटा होता. त्यातले काही हजार रुग्ण भारतातले होते.

बायोमेकॅनिक्स म्हणजे नेमके काय?

पूल बांधताना कुठल्या खांबावर किती भार येईल, याचा हिशेब इंजिनीअर करतात. तोच हिशेब शरीराला लावला की त्याला बायोमेकॅनिक्स म्हणतात. हाड म्हणजे खांब, सांधा म्हणजे बिजागरी आणि स्नायू म्हणजे दोर, असे ढोबळमानाने समजता येईल.

हा भार आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त असतो. बर्लिनमधील शारिटे रुग्णालयाच्या ज्युलियस वोल्फ संस्थेत सेन्सर बसवलेले कृत्रिम सांधे रुग्णांच्या शरीरात बसवून प्रत्यक्ष मोजमाप करण्यात आले. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २.६ पट भार येतो, असे त्यातून दिसले. जिना उतरताना तो साडेतीन पटींच्या जवळ जातो. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाच्या गुडघ्यावर चालताना सुमारे १८० किलो आणि जिना उतरताना सुमारे २४० किलो भार पडतो. स्नायू सांध्याला सतत ओढून धरतात, म्हणून हा आकडा वजनापेक्षा इतका मोठा होतो.

एवढा भार वर्षाला साधारण १० लाख पावले सोसायचा, तोही १५-२० वर्षे. त्यात यंत्रासारखे वंगण बदलायची सोय नाही. हा प्रश्न डॉक्टरांइतकाच इंजिनीअरचाही आहे.

डॉक्टर आणि इंजिनीअर यांची ही जोडी कधीपासून?

आधुनिक खुबाबदल शस्त्रक्रियेचे जनक मानले जाणारे ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्न्ली यांची गोष्ट यासाठी पाहावी लागते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी धातूचा लहान गोळा आणि टेफ्लॉनची वाटी असा सांधा वापरायला सुरुवात केली. टेफ्लॉन गुळगुळीत, घर्षण अगदी कमी. सुरुवातीचे निकाल उत्तम आले. मात्र सुमारे ३०० रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर दोन-तीन वर्षांत वाट्या झिजू लागल्या आणि झिजेच्या कणांमुळे आजूबाजूच्या पेशींना सूज येऊ लागली. चार्न्ली यांना एकेका रुग्णाचा सांधा काढावा लागला. या कणांचा परिणाम तपासण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते.

मार्ग निघाला तो त्यांच्या वर्कशॉपमधून. तिथले तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांच्याकडे १९६२ मध्ये एका विक्रेत्यामार्फत अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा तुकडा आला. चार्न्ली यांना त्यात विशेष काही वाटले नाही. ते परदेशी गेलेले असताना क्रेव्हन यांनी तो तुकडा झिजेच्या यंत्रावर लावून ठेवला. यंत्र रात्रंदिवस चालूनही तीन आठवड्यांनंतरची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीही नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉलिथिलीनची वाटी रुग्णांना बसवायला सुरुवात झाली. सुधारित रूपातले हे प्लास्टिक आजही बहुतेक कृत्रिम सांध्यांत असते.

चार्न्ली यांनी आणखी एक सवय लावून घेतली. मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी परत द्यावा, अशी संमती ते रुग्णांकडून घेत. शरीरात अनेक वर्षे राहिलेला सांधा जे सांगतो ते प्रयोगशाळेतले यंत्र सांगू शकत नाही, हे त्यांना टेफ्लॉनच्या अनुभवातून कळले होते.

प्रयोगशाळेत सांध्याची चाचणी कशी होते?

कृत्रिम खुब्यासाठी 'आयएसओ १४२४२' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. यंत्रात सांधा बसवतात, प्रथिने असलेल्या द्रवात तो बुडवलेला असतो आणि चालण्याची नक्कल करत त्यावर सेकंदाला एक याप्रमाणे ५० लाख आवर्तने केली जातात. प्रत्येक आवर्तनात भार ३ हजार न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ३०० किलोपर्यंत जातो. ठरावीक टप्प्यांवर यंत्र थांबवून झीज मोजतात.

ऐकायला कडक वाटणाऱ्या या चाचणीत एक मेख आहे. यंत्रात वाटी नेमक्या कोनात बसवलेली असते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर, चरबी, स्नायू आणि रक्त यांच्यामधून वाट काढत बसवलेली वाटी काही अंश तिरकी बसू शकते. सर्वांत कुशल शल्यविशारदाच्या हातूनही हे होते. मग थोडी तिरकी बसल्यावरही सांधा टिकतो का? हा प्रश्न वेळेत विचारला गेला नाही, तर काय होते ते 'एएसआर' प्रकरणात दिसले.

'एएसआर' प्रकरणात काय घडले?

जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डिप्यू कंपनीने २००३ च्या सुमारास 'एएसआर' हा खुब्याचा सांधा बाजारात आणला. गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची, दोन्ही कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची. प्लास्टिक नाही म्हणजे झीज कमी, गोळा मोठा म्हणजे सांधा निखळण्याची भीती कमी, म्हणून तरुण आणि धडधाकट रुग्णांसाठी उत्तम, असे त्याचे आकर्षण होते. त्याच्या 'एक्सएल' आवृत्तीला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. आधीच्या उपकरणांशी 'पुरेसे साधर्म्य' असल्याच्या आधारावर ही मान्यता होती. त्यासाठी रुग्णांवर स्वतंत्र चाचण्या घेणे बंधनकारक नव्हते.

काही वर्षांतच रुग्ण दुखणे आणि सूज घेऊन परत येऊ लागले. शस्त्रक्रियेत सांधा उघडल्यावर आत काळपट द्रव आणि मृत पेशी आढळू लागल्या. धातूवर धातू घासून सूक्ष्म कण सुटत होते आणि रक्तातील कोबाल्ट व क्रोमियमचे प्रमाण वाढत होते. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून परत मागवला. पाच वर्षांत साधारण १२ ते १३ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याची ब्रिटनच्या नोंदवहीतील आकडेवारी त्या वेळी जाहीर झाली. त्या काळी ब्रिटनमध्ये चांगल्या सांध्याचा निकष १० वर्षांत १० टक्के असा होता. कंपनीच्याच २०११ मधील अंतर्गत विश्लेषणात पाच वर्षांत सुमारे ३७ टक्के सांधे निकामी होतील, असा अंदाज होता, हे २०१३ मध्ये अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. त्याच वर्षी कंपनीने तिथल्या सुमारे ८ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरच्या तडजोडीची घोषणा केली.

दोष नेमका कुठे होता?

भूमितीत. एएसआरची वाटी अर्धगोलापेक्षा बरीच उथळ होती. त्यामुळे वाटी जरा तिरकी बसली तरी गोळ्याचा भार वाटीच्या मध्यभागाऐवजी तिच्या कडेवर येई. रांजणाच्या काठावर दगड टेकवला तर सगळे वजन एका रेषेवर येते, तसेच काहीसे. कडेवर भार आला की दोन पृष्ठभागांमधला द्रवाचा पातळ थर तुटतो आणि धातू थेट धातूवर घासतो. आदर्श कोनात याच सांध्याची झीज अत्यल्प दिसू शकते. थोडा कोन बदलला की ती कित्येक पटींनी वाढते.

हे पुढे मानकांनाही मान्य करावे लागले. वाटी चुकीच्या कोनात बसून कडेवर भार आल्यास काय होते, हे तपासणारा भाग 'आयएसओ १४२४२'मध्ये २०१८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाला. सांधा परत मागवल्यानंतर आठ वर्षांनी.

मग हा दोष पकडला कोणी?

यात दोन वाटा महत्त्वाच्या ठरल्या. पहिली, सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून प्रत्येक सांधेबदलाची नोंद होते. कोणत्या कंपनीचा कोणता सांधा किती वर्षांनी बदलावा लागला, हे तिथे प्रसिद्ध केले जाते. या नोंदवहीने २००७ पासूनच एएसआरच्या वाढत्या अपयशाकडे बोट दाखवले होते. डिसेंबर २००९ मध्ये तिथली विक्री थांबली.

दुसरी वाट म्हणजे उत्तर इंग्लंडमधील एक छोटा चमू. नॉर्थ टीज रुग्णालयातील शल्यविशारद अँटनी नारगोल स्वतः एएसआर बसवत होते. रुग्ण तक्रारी घेऊन परत येऊ लागल्यावर त्यांनी आणि डेव्हिड लँग्टन यांनी रुग्णांच्या रक्तातील धातूचे प्रमाण आणि वाटीचा कोन यांची सांगड घालायला घेतली. न्यूकॅसल विद्यापीठातील बायोइंजिनीअर टॉम जॉइस त्यांच्यासोबत होते. काढलेले सांधे को-ऑर्डिनेट मेझरिंग मशिनवर ठेवून कुठे किती धातू झिजला, याचे मायक्रॉनमध्ये मोजमाप झाले. मेकॅनिकल शाखेच्या विद्यार्थ्यांना मेट्रॉलॉजीच्या तासाला जे यंत्र दाखवतात, त्याच जातीचे हे यंत्र. अतिझिजेमुळेच सांधे लवकर निकामी होत असल्याचा निष्कर्ष मांडणारा त्यांचा शोधनिबंध जानेवारी २०१० मध्ये, म्हणजे सांधा परत मागवण्याच्या सात-आठ महिने आधी, प्रसिद्ध झाला.

डॉक्टरकडे रुग्ण होता, पण झीज मोजण्याचे साधन नव्हते. इंजिनीअरकडे यंत्र होते, पण सांधा नव्हता. दोघे एकत्र आल्यावरच 'शल्यविशारदाच्या हाताचा दोष' की 'रचनेचा दोष' या वादाला आकड्यांचे उत्तर मिळू लागले.

यात परिषदांची भूमिका काय?

एका रुग्णालयात चार रुग्ण बिघडले, तर डॉक्टरला आपलेच काही चुकले असे वाटते. दहा रुग्णालयांतले डॉक्टर एका सभागृहात बसून तेच सांगू लागले की नमुना दिसायला लागतो. मार्च २०११ मध्ये ब्रिटिश हिप सोसायटीच्या परिषदेत काही केंद्रांची एकत्रित माहिती मांडली गेली. एएसआर एक्सएलचे अपयश चार वर्षांत सुमारे २१ टक्के आणि सहा वर्षांत ४९ टक्क्यांपर्यंत असल्याचे त्यातून पुढे आले. सांधा परत मागवताना जाहीर झालेल्या आकड्यांपेक्षा चित्र बरेच गंभीर होते.

डॉक्टर आणि इंजिनीअर यांना एकत्र आणणाऱ्या संस्था जुन्या आहेत. अमेरिकेतील ऑर्थोपेडिक रिसर्च सोसायटी १९५४ पासून, तर इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्स १९७३ पासून काम करते. तिथे शोधनिबंधाचे सादरीकरण जेमतेम आठ-दहा मिनिटांचे असते. खरे काम त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत होते. 'तुमच्या यंत्रात वाटी किती अंशात होती?' हा प्रश्न एखाद्या शल्यविशारदाने विचारला की इंजिनीअरला पुढच्या वर्षीचे काम मिळते.

मर्यादाही आहेत. परिषदेत मांडलेली प्रत्येक गोष्ट काटेकोर तपासणीतून गेलेली नसते. अनेक परिषदांचा खर्च सांधे बनवणाऱ्या कंपन्याच उचलतात आणि सभागृहाबाहेर त्यांचेच स्टॉल असतात. एएसआरची भलामणही अशाच व्यासपीठांवरून झाली होती. म्हणूनच वक्त्याने सुरुवातीला आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करण्याची पद्धत महत्त्वाची आहे.

भारतात काय झाले?

भारतात एएसआरच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी मुंबईत पोलिसांकडे गुन्हा नोंदवला होता. केंद्राने मात्र तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये, म्हणजे सांधा परत मागवून सहा वर्षे उलटल्यावर. समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आरोग्य मंत्रालयाने ३० लाख ते सुमारे १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचे सूत्र मंजूर केले. कंपनीने त्याला न्यायालयात आव्हान दिले. मे २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी तिने दिल्ली उच्च न्यायालयात दाखवली.

भरपाईच्या या आकड्यांपेक्षा एक आकडा अधिक अस्वस्थ करतो. ४,७०० पैकी जेमतेम १,०८० रुग्णांचा माग लागला. उरलेल्या ३,६०० हून अधिक लोकांच्या खुब्यात काय आहे, हे कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. ऑस्ट्रेलियात नोंदवहीने धोक्याची सूचना आधीच दिली. आपल्याकडे सूचना आल्यानंतरही ती पोहोचवायला पत्ते नव्हते.

तेव्हापासून काही बदल झाले. वैद्यकीय उपकरणांपासून होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा 'मटेरिओव्हिजिलन्स' कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. वैद्यकीय उपकरण नियम जानेवारी २०१८ पासून लागू झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा आली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरली. शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवहीही आहे, पण तिच्यात माहिती भरणे ऐच्छिक आहे. थोडक्यात, सांधा किती रुपयांना मिळाला यावर आपल्याकडे नियंत्रण आले. तो किती वर्षे टिकला, हे प्रत्येक रुग्णाबाबत सांगणारी बंधनकारक व्यवस्था नाही.

भारतीय गुडघ्याचा प्रश्न वेगळा का?

गुडघ्याच्या सांध्यासाठी 'आयएसओ १४२४३' हे मानक आहे. त्यातही चालण्याचीच नक्कल होते आणि गुडघा जास्तीत जास्त सुमारे ५८ अंशांपर्यंत वाकतो. आता आपल्याकडचे रोजचे जगणे पाहा. पंगतीत मांडी घालणे, शेतात उकिडवे बसून खुरपणी, भारतीय पद्धतीचे शौचालय, देवघरासमोर बसून पूजा. पूर्ण उकिडवे बसताना गुडघा १३० अंशांहूनही अधिक वाकतो. एवढ्या वाकात सांध्याचे दोन भाग एकमेकांवर कुठे टेकतात, प्लास्टिकच्या मागच्या कडेवर किती दाब येतो, हे चालण्याच्या चाचणीतून कळत नाही.

म्हणून डॉक्टर 'मांडी घालू नका' असे बजावतात आणि घरी गेल्यावर आजी चार महिन्यांत मांडी घालते. आजीला दोष देऊन भागत नाही. सांधा तिच्या जगण्याला साजेसा हवा असेल तर तिच्या हालचालींचे मोजमाप आपल्याच प्रयोगशाळांत व्हायला हवे. त्या दिशेने काम झाले आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरण केंद्र राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने उभे राहिले. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्यात जोडले गेले. डॉक्टर आणि इंजिनीअर एका टेबलाशी बसवणे हीच त्यामागची कल्पना आहे.

रुग्णाने आणि नातेवाइकांनी काय करावे?

प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या खोक्यात छोटे स्टिकर असतात. त्यांवर कंपनी, मॉडेल, आकार आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर ते केस पेपरवर चिकटवले जातात. तुमच्या प्रतीवर ते आहेत का, पाहा. नसतील तर मागून घ्या. त्यांचा फोटो काढून घरातल्या दोन-तीन जणांच्या फोनमध्ये ठेवा. कारण फाइल हरवते, रुग्णालयाचे नाव बदलते, डॉक्टर गाव सोडतात.

२००४ ते २०१० दरम्यान खुबा बदललेला असेल आणि कोणता सांधा बसवला हे माहीत नसेल, तर जुनी कागदपत्रे घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा. धातू-धातूचा सांधा निघाला तर दुखत नसले तरी नियमित तपासणी लागते. ब्रिटनच्या नियामकाने एप्रिल २०१० मध्ये दिलेल्या सूचनेत रक्तातील कोबाल्ट किंवा क्रोमियम अब्जात सातहून अधिक भाग आढळल्यास पुढील तपासण्या कराव्यात, असे म्हटले होते. घाबरून लगेच शस्त्रक्रियेची घाई करण्याचेही कारण नाही. धातूच्या गोळ्याला प्लास्टिकची वाटी असलेले नेहमीचे सांधे या प्रकरणात येत नाहीत आणि त्यांतले बहुसंख्य अनेक वर्षे उत्तम चालतात.

आणि पुढच्या वेळी संशोधक चमू परिषदेला गेल्याची बातमी दिसली, तर फोटोखालच्या ओळींत एक गोष्ट शोधा : त्या चमूत इंजिनीअरबरोबर डॉक्टर आहे का, आणि त्यांनी आपल्याकडच्या किती रुग्णांचा किती वर्षे माग ठेवला आहे? आपल्याकडच्या ३,६०० रुग्णांच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले होते.